ई-सिगारेट : नातवाची आणि आजोबांची

आपल्या पिढीला तंबाखू दुरून ओळखू येत असे. बिडी ओढणाऱ्याच्या सदऱ्याला वास येई, सिगारेट ओढणाऱ्याची बोटे पिवळी पडत, मशेरी लावणाऱ्या बाईचे दात काळे दिसत. अलिबाग-पेणकडची गावे असोत की मुंबईची चाळ, घरात कोण काय घेतो हे सर्वांना ठाऊक असे. आज इस्रायलमध्ये आपल्या नातवंडांच्या हातात जी ई-सिगारेट आली आहे, ती अशी ओळखू येत नाही. राख नाही, काडी नाही, थोटूक नाही. दिसायला ती जाड पेनासारखी किंवा कम्प्युटरला लावायच्या यूएसबीसारखी असते. वास आलाच तर आंब्याचा, कलिंगडाचा नाहीतर पुदिन्याचा. मुले तिला ‘व्हेप’ म्हणतात.

तिच्याबद्दल आपल्या वयाच्या मंडळींना दोन प्रश्न पडतात. पहिला आजीचा : “नातू म्हणतो ही नुसती वाफ आहे, तर मग काळजीचे काय?” दुसरा आजोबांचा : “चाळीस वर्षे सिगारेट ओढतो आहे. ती सोडून ही घेतली तर बरे का?” वस्तू एकच, पण या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. ओढणाऱ्याचे वय काय आणि तो आधी सिगारेट ओढत होता की नाही, या दोन गोष्टी कळल्याशिवाय ई-सिगारेट चांगली की वाईट हे सांगता येत नाही. म्हणून आज वयाप्रमाणे एकेक पाहू.

हे यंत्र काय करते?

आत एक लहान बॅटरी, एक तारेचे वेटोळे आणि थोडा द्रव असतो. झुरका घेतला की तार तापते आणि द्रवाचे अगदी बारीक थेंब हवेत उडतात. ते छातीत जातात. चहाच्या पातेल्यातून निघते तशी ही पाण्याची वाफ नव्हे. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची रसायने आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. आज आपण पाहतो तशी ई-सिगारेट २००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने बनवली. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि त्याला ती सोडायची होती.

सिगारेटमध्ये तंबाखू जळतो. जळण्यातून डांबर तयार होते, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, आणि त्या धुरात कर्करोग होऊ शकेल अशी सुमारे ७० रसायने असतात. ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही, त्यामुळे डांबर आणि तो वायू टळतो. हा फरक खरा आहे. पण व्यसन लावतो तो पदार्थ, म्हणजे निकोटिन, दोन्हीकडे एकच आहे.

पूर्वीच्या ई-सिगारेटमध्ये निकोटिन वाढवले की घशाला ठसका बसे, त्यामुळे फार ओढवत नसे. पुढे कंपन्यांनी निकोटिनमध्ये आम्ल मिसळून त्याचा क्षार वापरायला सुरुवात केली. तो घशाला टोचत नाही. म्हणून ज्याने आयुष्यात कधी बिडी ओढली नाही असे पोरही पुष्कळ निकोटिन सहज आत घेऊ शकते. ‘जूल’ नावाची अमेरिकन ई-सिगारेट २०१८ च्या मे महिन्यात आपल्याकडे इस्रायलमध्ये विकायला आली. तिच्यात एका मिलीलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम निकोटिन होते. युरोपात मर्यादा २० मिलिग्रॅमची आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायल सरकारने २० च्या वर निकोटिन असलेल्या त्या मालाची आयात आणि विक्री बंद केली.

पंचविशीच्या आतले

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितले की जगात १० कोटींहून जास्त लोक ई-सिगारेट ओढतात आणि त्यांत १३ ते १५ वर्षांची किमान दीड कोटी मुले आहेत. ज्या देशांची आकडेवारी मिळते तिथे मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये हे प्रमाण सरासरी नऊपट आहे. सिगारेटचे कधी असे नव्हते.

अमेरिकेत वयाप्रमाणे नीट मोजणी होते, म्हणून तिथले आकडे पाहू. २०२१ मध्ये १८ ते २४ वयाच्या शंभरांपैकी ११ जण ई-सिगारेट ओढत होते, २५ ते ४४ वयाचे साडेसहा, आणि ४५ च्या पुढचे फक्त दोन. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. १८ ते २४ वयाच्या ई-सिगारेट ओढणाऱ्यांपैकी शंभरात ६१ जणांनी आधी सिगारेट ओढलेलीच नव्हती. म्हणजे ते कुठल्या जुन्या व्यसनातून बाहेर पडत नव्हते. नव्याने आत शिरत होते. वयस्कर मंडळींचे उलट आहे. त्यांच्यात ई-सिगारेट घेणारे बहुतेक सगळे आज किंवा पूर्वी सिगारेट ओढणारे असतात.

शाळकरी मुलांचे आकडे उतरलेही आहेत, हे सांगायला हवे. अमेरिकेच्या हायस्कुलांत २०१९ मध्ये शंभरात सुमारे २७ मुले ओढत होती. २०२४ मध्ये ती ८ च्या आत आली. पण जी ओढतात त्यांच्यातली शंभरात २६ मुले रोज ओढतात. मजा म्हणून चाखणारी मुले कमी झाली आणि ज्यांना सवय जडली ती मागे राहिली, असा याचा अर्थ दिसतो.

या वयात सवय लवकर का जडते? माणसाच्या मेंदूची वाढ साधारण पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते. त्या काळात निकोटिन मिळत राहिले तर मेंदू त्याच्याभोवतीच आपली घडी बसवतो. लक्ष लागणे, नवे शिकणे, मनावर ताबा ठेवणे यांवर परिणाम होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ मध्ये सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला. ई-सिगारेट ओढणारी तरुण मुले पुढे खरी सिगारेट हातात घेण्याची शक्यता वाढते, याला भक्कम पुरावा आहे असे त्यात म्हटले. आपल्याकडे अठरा पूर्ण झाले की मुले-मुली सैन्यात जातात. सैन्यात जाताना जेवढे सिगारेट ओढत असतात त्यापेक्षा बाहेर पडताना जास्त ओढतात, हे इस्रायलमध्ये पाहिले गेले आहे. शाळेतच निकोटिनची चटक लागलेले मूल तिथे पोचले की दुसऱ्याने पुढे केलेली सिगारेट नाकारणे त्याला अधिक जड जाते.

तलफ कुठून येते?

व्यसन किती खोल गेले आहे हे मोजायची एक साधी खूण डॉक्टर वापरतात. सकाळी डोळे उघडल्यापासून किती वेळात पहिला झुरका लागतो? पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर व्यसन पक्के. अमेरिकेत फक्त ई-सिगारेट ओढणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये, उठल्यावर पाच मिनिटांत ओढणारे २०१७ पर्यंत शंभरात एकही नव्हते. २०२१ मध्ये ते दहा झाले. जुन्या बिडीबहाद्दरांची ही खूण आता सोळा वर्षांच्या मुलांत दिसते.

आपल्या इथल्या तेल अवीव विद्यापीठात रूवेन दार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तलफेवर दोन प्रयोग केले. ते आपल्याला चटकन समजण्यासारखे आहेत. पहिल्यात त्यांनी शब्बाथ पाळणारे, सिगारेट ओढणारे लोक घेतले. शब्बाथच्या दिवशी ओढायचेच नसते, तेव्हा त्यांना तलफ फारशी आली नाही. पण त्याच लोकांना आठवड्यातल्या कामाच्या दिवशी न ओढता राहायला सांगितले, तर ते तळमळले आणि चिडचिडे झाले. दुसरा प्रयोग विमानातल्या कर्मचाऱ्यांचा. युरोपच्या छोट्या फेरीत आणि न्यूयॉर्कच्या लांब फेरीत, दोन्हीकडे तलफ वाढली ती विमान उतरायची वेळ जवळ आल्यावर. शेवटची सिगारेट ओढून किती तास झाले, याचा तेवढा संबंध नव्हता.

यावरून कळते की तलफ नुसती रक्तात नसते, ती संधीच्या मागे धावते. ‘आता शक्यच नाही’ हे मनाने मानले की ती निवते. सिगारेटला अशा पुष्कळ अडचणी होत्या. बाहेर जावे लागे, पेटवावी लागे, वास लपवता येत नसे, आणि एक ओढली की ती संपे. ई-सिगारेट संपत नाही. एकेका यंत्रात हजारो झुरके असतात. ती अंथरुणात, न्हाणीघरात, बसच्या थांब्यावर, मास्तरांची पाठ वळली की वर्गातही ओढता येते. संधी दिवसभर उघडी, म्हणून तलफही दिवसभर. मुलगा स्वतः सांगू शकत नाही की तो दिवसाला किती ओढतो, कारण मोजायला थोटके उरत नाहीत.

तिशी ते साठी : दोन्ही एकदम

मधल्या वयाची माणसे, म्हणजे आपले मुलगे, जावई, सुना, बहुधा सिगारेट कमी करायची म्हणून ई-सिगारेट आणतात. पण पुष्कळांची सिगारेट सुटत नाही. कामावर, गाडीत, मुलांसमोर व्हेप, आणि रात्री बाल्कनीत सिगारेट, असे दोन्ही चालू राहते. त्यांना वाटते, वीसच्या पाच झाल्या, म्हणजे धोका चौथाईवर आला.

हृदय असा हिशेब मानत नाही. दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो. म्हणून या वयातल्या माणसाला एकच सांगावे : ई-सिगारेट घेऊन सिगारेट पूर्ण सुटली तर त्यात फायदा आहे. दोन्ही चालू राहिली तर खिशाला भुर्दंड दुप्पट आणि शरीराला फायदा फार थोडा.

साठीच्या पुढे : आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर

ज्याने चाळीस वर्षे सिगारेट ओढली आणि आजही ओढतो, त्याने ती पूर्ण सोडून ई-सिगारेट घेतली तर शरीरात जाणारी पुष्कळशी विषारी द्रव्ये कमी होतात. वर सांगितलेल्या २०१८ च्या त्याच आढाव्यात हेही स्पष्ट म्हटले आहे. सोडायला तिची मदतही होते. निरनिराळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले, तर निकोटिनची पट्टी किंवा च्युइंग गम घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण सहा जणांची सिगारेट सुटते, आणि निकोटिनची ई-सिगारेट घेणाऱ्यांपैकी आठ ते अकरा जणांची. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा म्हणूनच सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना हा मार्ग सुचवते. न ओढणाऱ्यांनी मात्र तिला हात लावू नये, असेही तीच सांगते.

पण याला दुसरी बाजू आहे. इंग्लंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, ई-सिगारेट घेऊन सिगारेट सोडलेल्या शंभरांपैकी ८० जण वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. पट्टी, गम वगैरे घेऊन सोडलेल्यांपैकी फक्त ९ जण ती अजून वापरत होते. सिगारेट सुटली, निकोटिन सुटले नाही. आपल्या वयात निकोटिनने नाडी जलद होते आणि रक्तदाब चढतो, म्हणून हृदयविकार असलेल्यांना ही गोष्ट लहान नाही. यासाठी आधी पट्टी, गम किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या यांचा विचार करावा. त्याने जमले नाही तर ई-सिगारेटबद्दल डॉक्टरांशी बोलावे, आणि ती केव्हा बंद करायची हेही तेव्हाच ठरवावे.

सिगारेट सोडण्यापूर्वी डॉक्टरांना सांगण्याचे आणखी एक कारण आहे. तंबाखूच्या धुराने यकृत काही औषधे लवकर संपवते. धूर थांबला की तीच औषधे रक्तात जास्त काळ राहतात आणि नेहमीचा डोस जास्त होऊ शकतो. दम्यासाठी थिओफिलीन, मनाच्या आजारासाठी क्लोझापीन किंवा ओलान्झापीन घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी रक्ताची तपासणी लवकर करून घ्यावी. सिगारेट बंद करून ई-सिगारेट सुरू केली तरी हे लागू आहे, कारण हा परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नव्हे.

नातवाशी कसे बोलावे?

मूल एकाएकी चिडचिडे झाले, अर्ध्या-पाऊण तासाने न्हाणीघरात जाऊ लागले, कोरडा खोकला आला, तहान वाढली, खोलीत फळाचा गोड वास राहू लागला, तर शंका घ्यायला हरकत नाही. पण दप्तर उपसू नये आणि सर्वांसमोर विषय काढू नये. मूल एकदा लपवायला लागले की पुढचे काहीच कळत नाही.

मुलांना आई-बाबांचा धाक असतो, आजी-आजोबांचा नसतो. तेच आपले भांडवल. एकटा असताना जवळ बसवून साधे विचारावे : “सकाळी उठल्या उठल्या लागते का? रात्री जाग आली की हात तिकडे जातो का? सापडली नाही तर राग येतो का? सोडून पाहिलीस का कधी?” दोन-तीन उत्तरे ‘हो’ आली तर हा खोडकरपणा नाही, हे व्यसन आहे, आणि त्याला उपचार आहे. तुम्ही स्वतः कधी बिडी, सिगारेट किंवा मशेरी सोडली असेल तर ते कसे जमले ते सांगा. फुप्फुसांची चित्रे दाखवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

सोडल्यावर पहिले तीन दिवस सर्वात कठीण. बेचैनी, राग, झोप न लागणे, सारखी भूक लागणे हे सगळे होते. तीन-चार आठवड्यांत ते पुष्कळ ओसरते. या काळात घरातल्यांनी रागाला रागाने उत्तर देऊ नये. दार यांच्या प्रयोगातला धडा इथे उपयोगी पडतो : अंथरुण, जेवणाचे टेबल, आजीचे घर, अशा काही जागा आणि काही तास ‘इथे शक्यच नाही’ असे ठरवून घ्यावे. शुक्रवारी संध्याकाळी सगळे एकत्र जमतात त्या घरांत तर हे नव्याने शिकवावे लागत नाही.

कुपात होलीममध्ये धूम्रपान सोडण्यासाठी वर्ग असतात. सभासदांना ते विनामूल्य आहेत, आणि त्यांत भाग घेणाऱ्याला औषधेही सवलतीत मिळतात. आजोबांना तिथे हिब्रू जड वाटत असेल तर सोबत नातवालाच घेऊन जावे. मुलाच्या ई-सिगारेटसाठी त्याच्या डॉक्टरांशी आधी बोलावे.

घरात आणि प्रवासात

ई-सिगारेटच्या द्रवाची बाटली दिसायला खाऊच्या सरबतासारखी असते. पण त्यातले निकोटिन लहान मुलाचा जीव घेऊ शकते. २०१३ मध्ये इस्रायलमध्येच एका चिमुरडीचा असा मृत्यू झाला. ज्या घरात पतवंडे येतात तिथे ही बाटली औषधांसारखीच उंचावर, कुलपात ठेवावी. मुलाने द्रव प्यायला किंवा अंगावर सांडून घेतला तर वाट पाहू नये. लगेच १०१ वर मागेन दाविद आदोमला फोन करावा आणि बाटली हाताशी ठेवावी.

लेबल नसलेला, फोनवरून कुणा अनोळख्याकडून मागवलेला माल तर मुळीच घेऊ नये. २०१९ साली अमेरिकेत अशा साथीत फुप्फुसे खराब होऊन २,८०० हून अधिक लोक इस्पितळात गेले किंवा दगावले. फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ जणांचा मृत्यू झाला. मुख्य कारण होते गांजाच्या तेलात मिसळलेले व्हिटॅमिन-ई ॲसिटेट, आणि तो माल बहुतांशी चोरट्या बाजारातला किंवा मित्रांकडून आलेला होता.

शेवटची सूचना मुंबईला जाणाऱ्यांसाठी. नातवंडांना आपले कोकण आणि जुनी सिनेगॉग दाखवायला आपण घेऊन जातो. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट तयार करणे, आणणे, विकणे, साठवणे, तिची जाहिरात करणे या सगळ्याला बंदी आहे. आयात-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तिकिटे काढण्याआधीच नातवाला हे सांगून ठेवा. तीन आठवड्यांचा तो प्रवास सोडायला चांगला मुहूर्तही ठरेल. फक्त पट्टी किंवा गम बरोबर न्यावे का, हे निघण्यापूर्वी कुपात होलीमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.